पानवेलीला सावली लागते, असं मी लिहून दिलं होतं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय जयवंतराव किणी, प्रमुख पाहुणे, या शाळेचे माजी विद्यार्थी आणि ज्यांच्या हस्ते ही शाल आत्ताच माझ्या खांद्यावर पडली ते श्री. ऑस्टिन लोपीस, मुख्याध्यापिका विनयाताई, सूत्रसंचालन करणाऱ्या संपदा मॅडम, माझे शिक्षक आणि शिक्षकेतर सहकारी, निर्मळ, वटार आणि भोवतालच्या आळ्यांतून वाडीतलं काम बाजूला ठेवून आलेले पालक, आणि शेवटच्या रांगेत बसून वडे कधी फिरतात याकडे डोळे लावलेले माझे विद्यार्थी, आपणा सर्वांना या हिलरी मास्तराचा मनःपूर्वक नमस्कार.

मघापासून माझ्याविषयी जे बोललं गेलं ते मी मान खाली घालून ऐकलं. निरोपाच्या दिवशी माणूस फार चांगला ठरतो, हे मी इतरांच्या समारंभांत पाहिलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा कळलं, ते ऐकून घेणं किती जड जातं. संपदा मॅडम म्हणाल्या, तेहतीस वर्षांत हिलरी सरांच्या तोंडून चुकीचा शब्द गेला नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या वाजत असताना माझं लक्ष पाचव्या रांगेत, भिंतीच्या कडेला बसलेल्या एका बाईंकडे गेलं. त्यांनी टाळी वाजवली नाही. त्या मार्थाबाय. शाळेच्या मागच्या आळीत त्यांची केळीची आणि पानवेलींची वाडी आहे. मला आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे, आणि वेळ फार थोडा आहे.

समोरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झालीत. आज ३१ जानेवारी, माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस. शनिवार असूनही समारंभामुळे कार्यालय पाचपर्यंत उघडं आहे, हे मी आपले लिपिक मार्सेल यांना दोनदा विचारून घेतलं आहे. पाच वाजता ते कुलूप लावतील आणि मी या शाळेचा कोणीही उरणार नाही. हे मी हळवा होऊन सांगत नाही. माझ्या खिशात एक कागद आहे, आणि तो पाचच्या आत मार्गी लागला पाहिजे. कसला कागद, ते सांगण्यासाठी मला आधी थोडं शिकवावं लागेल. जयवंतराव, आपली परवानगी आहे असं धरतो. निरोपाच्या भाषणात धडा घेणारा मास्तर आपण पाहिला नसेल. पण आज दुसरा इलाज नाही.

तर झाड जेवतं कसं? आठवीच्या वर्गात मी हा प्रश्न तेहतीस वेळा विचारला, आणि दर वर्षी उत्तर आलं, सर, मुळांनी. मुळं पाणी देतात, थोडे क्षार देतात. जेवण तयार होतं पानात. पानाच्या खालच्या अंगाला अतिशय बारीक छिद्रं असतात, नखाएवढ्या जागेत हजारो मावतील इतकी बारीक. त्यांतून हवा आत जाते आणि हवेबरोबर कार्बन डायऑक्साइड जातो. मुळांनी ओढलेलं पाणी देठातून, शिरांतून वर चढतं. पेशींत हिरवे कण वाट पाहत असतात, त्यांच्यात हरितद्रव्य असतं. हवा आली, पाणी आलं, हिरवा कण तयार आहे, तरी काही होत नाही. चूल मांडली, तांदूळ धुतले, आधण ठेवलं, पण विस्तवच नाही, तसं. विस्तव म्हणजे ऊन.

ऊन त्या हिरव्या कणावर पडलं की पहिलं काम होतं ते पाण्याचं. पाणी फुटतं. त्यातून प्राणवायू सुटतो आणि छिद्रांवाटे बाहेर येतो. आपण या सभागृहात आत्ता जो श्वास घेतोय त्यातला प्राणवायू असा पाण्यातून आलेला आहे. कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे. सुरुवातीची काही वर्षं मीही उलटंच शिकवलं. तेव्हाच्या तुकड्यांमधले जे कोणी इथे बसले असतील त्यांनी ही दुरुस्ती कृपया आज करून घ्यावी. पाणी फुटताना हिरव्या कणाने उजेडाची शक्ती पकडून ठेवलेली असते. ती शक्ती वापरून कार्बन डायऑक्साइडची साखर होते. या दुसऱ्या कामाला ऊन थेट लागत नाही, पण पहिलं काम झालं नाही तर दुसरं कशाच्या जोरावर होणार? साखर जास्त झाली की पान ती स्टार्च करून, म्हणजे पिठासारखी साठवून ठेवतं. रात्री त्यातूनच वेलीला, मुळाला, नव्या कोंबाला खायला जातं.

हे साठवलेलं पीठ डोळ्यांनी पाहता येतं. पान आधी पाण्यात उकळायचं, मग स्पिरिटमध्ये. स्पिरिट हरितद्रव्य काढून घेतं आणि पान भिजल्या कागदासारखं पांढुरकं होतं. त्यावर आयोडीनचे थेंब टाकले की जिथे स्टार्च आहे तिथे निळंकाळं होतं, नाही तिथे आयोडीनचाच तपकिरी रंग राहतो. स्पिरिटचं चंचुपात्र थेट ज्योतीवर ठेवायचं नसतं, गरम पाण्यात ठेवायचं असतं. १९८२ साली दहावी ‘ब’मधल्या एका मुलाने ते थेट ज्योतीवर ठेवलं होतं. आजचे आपले प्रमुख पाहुणे. ऑस्टिन, हसू नका, ती भुवई पुढे परत आली. व्यासपीठावर तुम्हाला ‘तुम्ही’ म्हटलं पाहिजे हे मला कळतं, पण जीभ वळत नाही. मी तूच म्हणतो. रागावू नकोस.

आता ज्यासाठी एवढा खटाटोप, तिकडे येतो. पानवेल सगळ्यांना माहीत आहे. आपल्या लग्नात, सुपारीत, देवळाच्या ताटात जी विड्याची पानं जातात, ती आपल्या वाड्यांत किती पिढ्या होताहेत याची गणती नाही. पानवेल उघड्या उन्हात करपते. म्हणून आपले लोक ती केळीच्या, सुपारीच्या आडोशाला लावतात. पानवेलीला सावली लागते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि तिथेच मी फसलो.

१९९९च्या मे महिन्यात ऑस्टिन माझ्या घरी आला. आळीच्या दक्षिणेला, मार्थाबायच्या कुंपणाला लागून, त्याला चार मजली इमारत बांधायची होती. मार्थाबायनी हरकत घेतली होती. ऑस्टिन म्हणाला, “सर, मला कुणाच्या झाडांचं वाईट करायचं नाही. तुम्ही सांगा, वेलींना त्रास होईल का? तुम्ही नको म्हणालात तर मी जागा बदलतो.” मंडळी, हे नीट ऐका, कारण आज मी ऑस्टिनला दोष द्यायला उभा नाही. न विचारता बांधणारे पुष्कळ आहेत. याने विचारलं.

मी वाडीत गेलो. कधी गेलो? मे महिन्यात. शाळेला सुट्टी असते ना. शिक्षकाला सवड मेमध्येच, म्हणून शिक्षकाची तपासणीही मेमध्येच. दुपारी बारा वाजता कुंपणापाशी काठी रोवून उभा राहिलो. काठीची सावली तिच्या बुडाशीच पडली होती. मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा इमारतीचीही सावली तिच्या पायाशीच राहते. हेही मी आठवीलाच शिकवतो. तरी तिथे उभं राहून मी मान हलवली आणि मनाशी म्हटलं, काही होत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, चार मजल्यांची सावली भर दुपारीसुद्धा चाळीस फूट उत्तरेला लांबते, हे मला सुचलं नाही. ते सुचायला मला डिसेंबरात वाडीत उभं राहावं लागलं असतं, आणि डिसेंबरात मी स्नेहसंमेलनाच्या गडबडीत असतो.

पुढच्या आठवड्यात आळीची बैठक झाली. अकराही घरं आली होती, चर्चकडची आठ आणि देवळाकडची तीन. मी उठून बोललो. पानवेलीला सावली मानवते, शास्त्र असं सांगतं, काळजी नको. तेव्हा मार्थाबाय उठल्या. त्या आमच्या घरच्या बोलीत बोलल्या, मी सर्वांना कळेल असं सांगतो. त्या म्हणाल्या, “मास्तर, केळीची सावली फिरते. भिंतीची सावली बसून राहते.”

एवढंच म्हणाल्या. या दोन वाक्यांत सगळं होतं. केळीच्या पानांतून कवडसे पडतात, वारा आला की हलतात, सूर्य सरकला की सरकतात. प्रत्येक पानाला दिवसातून थोडा थोडा वेळ खरं ऊन मिळून जातं आणि पानवेल त्या कवडशांवरच जेवते. भिंतीच्या सावलीत कवडसा नसतो. नुसता आभाळाचा उजेड असतो. मी पदवीधर, विज्ञान विभागाचा प्रमुख, आणि हा फरक मला चौथी शिकलेल्या बाईने समजावला.

मग मी काय उत्तर दिलं? मी म्हणालो, “मार्थाबाय, तुम्ही किती शिकलात? मग खाली बसा.” लोक हसले. मास्तराला लोक हसले की बरं वाटतं, वर्गात सवयच लागलेली असते. मलाही बरं वाटलं. मार्थाबाय खाली बसल्या. त्यांनी परत त्या विषयावर तोंड उघडलं नाही. मार्थाबाय, तुम्हाला चारचौघांत खाली बसवलं, म्हणून क्षमा मी चारचौघांत मागतो. तुमच्या ओसरीवर येऊन मागितली होती, पण ती पुरेशी नव्हती. तिथे ऐकायला फक्त तुमची सून होती.

संपदा मॅडमनी चिठ्ठी पाठवली आहे, “सर, वेळ.” माझ्याकडे खरोखरच वेळ नाही, मॅडम, तुमच्याहून मला ते जास्त कळतंय. साडेचार होत आले.

बैठकीनंतर मी ऑस्टिनला पत्र लिहून दिलं. आणि ते कशावर लिहिलं? शाळेच्या लेटरहेडवर. घरी साधा कागद होता, तो मला त्या पत्राला हलका वाटला. वर शाळेचं नाव, खाली ‘विज्ञान विभाग प्रमुख’, त्यावर शाळेचा गोल शिक्का. मजकूर मला पाठ आहे: “पानवेल ही सावलीप्रिय वनस्पती असल्याने प्रस्तावित बांधकामाच्या सावलीचा तिच्यावर विपरीत परिणाम होणार नाही.” त्या एका वाक्यावर अकरा घरांनी सह्या केल्या. मार्थाबायनी सर्वांत शेवटी केली. मास्तर सांगताहेत म्हणून केली.

इमारत २००१च्या दिवाळीला पुरी झाली. पहिल्या हिवाळ्यात काय झालं माहीत आहे? कुंपणाकडची पानं मोठी झाली आणि जास्त हिरवी झाली. मी आठवीच्या मुलांना घेऊन वाडीत गेलो आणि म्हणालो, बघा, सावलीने पान कसं खुललंय. तुमच्यापैकी काही जण त्या दिवशी तिथे होते. अनुष्का, तू होतीस, तू वहीत चित्र काढलं होतंस. ते चित्र फाडून टाक बाळ, नाहीतर खाली मी आज जे सांगतो ते लिहून ठेव.

उजेड कमी पडला की पान जास्त हरितद्रव्य करतं. रुंद होतं, पातळ होतं. थोडा तरी उजेड अंगावर यावा म्हणून ते अंग पसरतं. आपल्याला ते टवटवीत दिसतं, आणि ते खरं तर धडपडत असतं. पान श्वासही घेतं हो, आपल्यासारखंच, दिवसरात्र, आणि त्यासाठी ते साखर खातं. पुरेसं ऊन असलं तर केलेलं खाऊन उरतं, आणि त्या उरलेल्यावर वेल वाढते. उजेड अमक्या हद्दीखाली गेला की जेवढं रांधलं तेवढं खाल्लं. भांड्यात काही नाही. पान मरत नाही, पिवळं पडत नाही, हिरवंगार दिसतं आणि वेल आतून रिकामी होत जाते. तेहतीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं, ‘सूर्यप्रकाश आवश्यक’. किती, हे कधी लिहिलं नाही. आहे की नाही, एवढंच विचारलं. परीक्षेत त्याला गुण मिळतात. वाडीत मिळत नाहीत.

दुसऱ्या हिवाळ्यात वेली बारीक झाल्या, पेरांमधलं अंतर वाढलं, पान खुडताना फाटू लागलं. दुपारभर दंव सुकेना, मुळं कुजू लागली. मार्थाबाय माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या नाहीत. त्या यायच्या बंद झाल्या. दर वर्षी प्रयोगाला पानं त्याच देत असत, स्वतः टोपलीत झाकून आणत. गेल्या वर्षी आणली नाहीत. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

गेल्या ११ डिसेंबरला मी स्वतः गेलो. दुपारी चारला दोन पानं खुडली, एक उत्तरेच्या टोकाचं, उन्हातलं, एक भिंतीकडचं. मार्थाबायना म्हणालो, चला माझ्याबरोबर. तीस वर्षं पानं पुरवणारी ही बाई प्रयोगशाळेत त्या दिवशी पहिल्यांदा आली. दारात चपला काढून ठेवल्या. मी दोन्ही पानं उकळली, रंग काढला, बशीत पसरली, आयोडीन टाकलं. एक निळंकाळं झालं. दुसरं तपकिरीच राहिलं, शिरांशी कुठेतरी जरासा डाग. मार्थाबायनी विचारलं, “मास्तर, काळं झालं ते चांगलं की वाईट?” मी म्हणालो, ते चांगलं, ते पोटभर जेवलेलं. त्या दुसऱ्या बशीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “मग हे उपाशी हाय. आणि मी रोज बघून म्हणायची, हिरवं हाय ना, मग जगंल.”

मी तीन दिवस तोच प्रयोग केला. मला वाटत होतं, माझं काहीतरी चुकत असेल, स्पिरिट जुनं असेल, आयोडीन पातळ असेल. प्रयोग चुकावा म्हणून मी प्रार्थना केली, मंडळी. विज्ञानाच्या शिक्षकाने. तो चुकला नाही. नाताळच्या आधी मार्थाबायनी भिंतीकडचा चाळीस फुटांचा पट्टा उपटून टाकला. सासऱ्यांच्या हातच्या वेली होत्या, दर वर्षी त्यांचीच फाटी लावून पुढे चालत आलेल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, तुम्ही घरी जा.

इथे माझी गोष्ट संपली असती तर मी आज ही शाल घेऊन, चार गोड शब्द बोलून खाली उतरलो असतो. घरी गेल्यावर रडलो असतो, ते माझं मी बघितलं असतं. पण त्याच दक्षिण सीमेवर, आळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आता जुन्या इमारतीला जोडून ऑस्टिनचीच सात मजली इमारत येते आहे. तिच्या नकाशाबरोबर माझं जुनं पत्र जोडलेलं आहे. उद्या रविवारी चर्चमधल्या नऊच्या मिस्सानंतर अकरा घरांना सहीला बोलावलं आहे. सोमवारी हरकतींची मुदत संपते. सात मजल्यांची सावली भर दुपारी पासष्ट फूट, तिसऱ्या प्रहरी त्याच्या दुप्पट. अकराच्या अकरा वाड्या. मार्थाबायचं उरलेलं अर्धंसुद्धा.

मी काय केलं म्हणता? ज्या कचेरीत नकाशाची फाइल आहे तिथे गेलो, पत्र मागे घेतो असं लिहून दिलं. त्यांनी सभ्यपणे सांगितलं, पत्र तुमचं नाही, शाळेचं आहे. त्याच लेटरहेडवर, त्याच पदावर असताना, त्याच शिक्क्याने मागे घ्या. बरोबर आहे त्यांचं. मग विनयाताईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, सर, शाळेने लिहिलेलं शाळेनेच खोटं म्हणायचं म्हणजे आपलीच शोभा. नाताळनंतर बघू. नाताळ झाला. स्नेहसंमेलन होऊ दे. ते झालं. जयवंतरावांकडे गेलो, ते म्हणाले, निरोपाच्या दिवशी निवांत बसू. आज निरोपाचा दिवस आहे आणि आपण निवांत बसलो आहोत. प्रमुख पाहुणे कोण, हे मला परवा पत्रिका हातात पडली तेव्हा कळलं.

ताई, मी तुम्हाला वाईट म्हणत नाही. शाळा चालवणं म्हणजे काय असतं ते मला दिसतं. प्रयोगशाळेची नवी टेबलं ऑस्टिननेच दिली, मी ती बशी त्याच टेबलावर ठेवली होती. पण मी घाबरलो आहे हो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस दोनशे लोकांसमोर सांगतो आहे, मी घाबरलो आहे. हा तो कागद. शाळेच्या लेटरहेडवर, माझ्या सहीसकट. खाली तुमच्या सहीची जागा आहे. शिक्का मार्सेलच्या कपाटात आहे. मी तो तुमच्यापुढे ठेवतो. वाचा, आपण सगळे थांबू.

ताई वाचताहेत.

ताईंनी लिहिलं. परत दिलाय. मी वाचून दाखवतो. “पाहिले.” खाली आजची तारीख आणि आद्याक्षरं. सही नाही. ‘पाहिले’ म्हणजे काय, हे ज्यांनी कचेरीत नोकरी केली त्यांना सांगायला नको. होही नाही आणि नाहीही नाही. जयवंतराव खिडकीकडे बघताहेत. मार्सेल, बसून राहा, तुमच्याकडून मी नियमाबाहेरचं काही मागणार नाही.

पावणेपाच झाले. कागदाचं जे व्हायचं ते झालं.

ऑस्टिन, तू एकदा म्हणाला होतास, सर, तुम्ही नको म्हणालात तर मी जागा बदलतो. मी नको म्हणतो आहे. पाच वर्षं उशिरा म्हणतो आहे. आळीच्या उत्तरेला तुझीच पडीक जमीन आहे, तिथे बांधलंस तर सावली रस्त्यावर पडेल, कुणाच्या ताटात पडणार नाही. तू मान खाली घातली आहेस. त्याचा अर्थ मी काढत नाही, अर्थ काढायचं धाडस आता माझ्यात नाही.

आणि अकरा घरांनो. तुम्ही सगळे इथे आहात, मी दारात मोजून घेतलं. उद्या तुमच्यापुढे कागद येतील, त्यात वर माझं पत्र असेल, शाळेचं नाव, गोल शिक्का. कुणीतरी म्हणेल, हिलरी सरांनीच लिहिलंय, शास्त्र आहे. सही करायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा, तुमच्या जमिनी आहेत, तुमच्या अडचणी मी जाणतो. पण माझ्या नावावर करू नका. माझ्या अंगणात या, आयोडीन मी माझं विकत आणलं आहे, भिंतीकडचं पान मी तुमच्या हातात देतो. ते काळं होतं का बघा, आणि मग करा. मार्थाबायना विचारा. आणि त्या उठून बोलल्या तर त्यांना बोलू द्या.

जयवंतराव, आपण सन्मान केलात, ऑस्टिन, तू शाल दिलीस, संपदा मॅडमनी गोड शब्द सांगितले, विद्यार्थ्यांनी वडे गार होत असताना चुळबूळ न करता ऐकलं, या सगळ्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. मी रुक्ष माणूस. वर्गात कुणाला नाहक बोललो असेन, कुणाचे गुण अन्यायाने कापले असतील, आजही व्यासपीठाची मर्यादा सोडली असेल. त्या सगळ्याची मोठ्या मनाने क्षमा करावी. मात्र त्या एका पत्राची करू नका. कराल, तर उद्या सही कराल.